काचेला चिकटलेलं ग्वाश: सोल लेविट यांच्या एका कागदाचं प्रकरण

काच बदलायला घेतलेला फ्रेमवाला मध्येच थांबला, म्हणून अमेरिकन कलावंत सोल लेविट यांचं हे कागदावरचं ग्वाश (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगातलं चित्र) बचावलं. त्याने फ्रेम पालथी घातली, मागचे बारीक खिळे काढले, पाठीचा पुठ्ठा उचलला आणि कागदाची वरची कड बोटाने हलकेच वर करून पाहिली. कड सुटली, पण मध्यावर कागद काचेला धरून बसला होता. आणखी जोर लावला असता तर रंग काचेवर आणि कागद हातात अशी वाटणी झाली असती. त्याने पुठ्ठा परत ठेवला, काच खाली आणि कागद वर अशा आडव्या स्थितीतच सगळं बांधलं आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या कार्यशाळेकडे धाडलं. या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच होता.

घर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं. तिथला उन्हाळा दमट असतो आणि हे चित्र तळघराला लागून असलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. एका उन्हाळ्यात घर बंद राहिलं, हवा कोरडी ठेवणारं यंत्रही बंद. परत आल्यावर मालकांना काचेच्या आतून एक ओलसर दिसणारा डाग दिसला. तो ओलाव्याचा नव्हता. रंग काचेला टेकून चिकटला की तिथला खडबडीतपणा संपतो आणि रंग गडद, भिजल्यासारखा दिसतो. काचेवर ओला कागद चिकटवून पलीकडून पाहिल्यावर जसं दिसतं, तसंच.

चित्र लेविट यांच्या नव्वदच्या दशकातल्या, लाटांसारख्या फटकाऱ्यांच्या कुळातलं. कागद जलरंगाचा, जाड, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. आकार २२ × ३० इंच, म्हणजे अंदाजे ५६ × ७६ सेंटिमीटर. आधी काळा सपाट थर, त्यावर डावीकडून उजवीकडे जाणारे लाल, निळे, पिवळे, करडे नागमोडी पट्टे. पट्ट्याची रुंदी ब्रशची रुंदी, इंचाच्या आसपास. चारी बाजूंना दीड-दोन बोटं कोरी कड, खाली उजवीकडे पेन्सिलने सही आणि साल. फ्रेम वीस वर्षांपूर्वीची. माउंट, म्हणजे काच दूर ठेवणारी पुठ्ठ्याची खिडकी, नाही; काच थेट कागदावर टेकलेली.

नुकसानाची नोंद करताना एक गोष्ट लगेच कळली: यातलं बहुतेक नुकसान एकट्या त्या उन्हाळ्याचं नव्हतं. वीस वर्षं काच टेकलेलीच होती, उन्हाळ्याने फक्त निमित्त पुरवलं. मध्यभागी, निळ्या आणि लाल पट्ट्यांच्या हद्दीवर, तळहाताएवढी जागा काचेला चिकटलेली. खालच्या कोऱ्या कडेवर बुरशीचे राखी ठिपके, दहा-बारा. वरच्या कडेला मागून मास्किंग टेपचे दोन तुकडे, त्यांचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरलेला. कागद मधोमध फुगून लाटेसारखा झालेला, सर्वांत उंच जागी सुमारे ६ मिलिमीटर. आणि रंगाचे पोपडे किती सुटलेत, हे काच निघेपर्यंत कळणार नव्हतं.

मालकांनी कार्यशाळेला जे पत्र पाठवलं, त्यात एक प्रस्ताव होता आणि तो वरवर पाहता अगदी बिनतोड होता. लेविट स्वतःच म्हणाले होते ना, की कल्पना महत्त्वाची, अंमलबजावणी कुणीही करावी? त्यांची भिंतीवरची चित्रं तर पुसून पुन्हा काढतात. मग रंग उडालेली जागा एखाद्या चांगल्या हाताच्या चित्रकाराकडून रंगवून घ्यायला हरकत काय? खर्चही कमी आणि कलावंताच्या विचाराशी इमानही राखलं जाईल.

हा गैरसमज होणं स्वाभाविक आहे, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. लेविट (जन्म १९२८, हार्टफर्ड, मृत्यू २००७) यांनी १९६७ मध्ये संकल्पनात्मक कलेवर जे टिपण लिहिलं, त्यात सगळे निर्णय आधी होतात, अंमलबजावणी हा उपचार उरतो आणि कल्पनाच कलाकृती बनवणारं यंत्र होते, असं स्वच्छ मांडलं आहे. पुढच्याच वर्षी, १९६८ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्यांनी पहिलं भिंतचित्र काढलं: पेन्सिलीच्या रेघा, उभ्या, आडव्या आणि दोन्ही बाजूंच्या तिरप्या. प्रदर्शन संपल्यावर त्यावर रंग फासला गेला. पुढच्या चाळीस वर्षांत अशी बाराशेहून जास्त भिंतचित्रं झाली आणि त्यातली बहुतेक इतरांच्या हातांनी. विकत घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र आणि आकृती. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्सच्या मॅस मोका संग्रहालयात २००८ मध्ये १०५ भिंतचित्रं उभी राहिली. लेविट त्याच्या आदल्या वर्षी गेले होते, तरी ती चित्रं 'त्यांचीच' आहेत, याबद्दल कुणाला शंका नाही. भिंतीला ओल आली, पोपडे धरले, तर गिलावा नीट करून सूचनेबरहुकूम पुन्हा काढायचं. तिथे दुरुस्ती म्हणजे पुनरावृत्ती, आणि ती विचाराशी सुसंगत आहे.

ग्वाशचा मामला उलटा आहे. ऐंशीच्या दशकापासून लेविट भिंतींच्या बरोबरीने ग्वाश करत राहिले आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने केली. इथे प्रमाणपत्र नाही, आकृती नाही, 'लाल पट्टा इतक्या अंशाच्या वळणाने न्यावा' अशी सूचना नाही. एखाद्याला हे चित्र पुन्हा काढ म्हणून सांगायचं तर सांगणार काय? सांगता येईल ते एवढंच: या कागदाकडे बघ. म्हणजे सूचना आणि कलाकृती एकच झाली आणि ती एकच प्रत काचेला चिकटलेली होती. घोळ वाढतो तो आणखी एका कारणाने. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या भिंतींवरही अ‍ॅक्रिलिकचे वळणदार पट्टे आले. फोटोत ती भिंत आणि हा कागद एकमेकांची भावंडं वाटतात. भिंतीवरचे पट्टे मात्र मोठ्या काळजीने सपाट, एकसारखे रंगवलेले असतात, रंगवणाऱ्याचा हात दिसूच नये म्हणून. या कागदावर तो हातच दिसतो.

कुठे दिसतो, तेही सांगायला हवं. भिंगाखाली निळा पट्टा पाहिला की डावीकडे रंग भरघोस, कडांना उभारी आलेली. तीन-चार वळणांनंतर ब्रश कोरडा पडत जातो आणि केसांच्या रेघांमधून खालचा काळा झिरपतो. मग एका जागी ब्रश पुन्हा बुडवून जोडलेला, तिथे छोटा गोल फुगवटा. लाल पट्टा निळ्यानंतरचा, कारण जिथे ते भेटतात तिथे लालात निळ्याची जरा मळकट झाक आहे. खालचा ग्वाश पूर्ण वाळला असला तरी वरच्या रंगातलं पाणी तो थोडा उठवतंच. या सगळ्याला योजना म्हणता येत नाही. हा एका दुपारचा, एका मनगटाचा वेग आहे. दुसऱ्याने कितीही हुबेहूब रंगवलं तरी त्या जागी त्याचं मनगट येणार. म्हणून उत्तर गेलं: पुन्हा रंगवायचं नाही. असलेला रंग जागेवर बसवायचा, गेलेला गेला म्हणून नोंदवायचा.

पुढची प्रत्येक पायरी ग्वाश म्हणजे नेमकं काय, यावर ठरते. आपल्याकडे ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांच्या हाताला हे माध्यम ओळखीचं आहे. पोस्टर कलर हा ग्वाशचाच स्वस्त भाऊ. पाणी जास्त झालं की पट्टे पडतात, रंग घट्ट लावला की वाळल्यावर तडकतो, आणि वाळलेल्या रंगावर घामट बोट ठेवलं की ठसा. ग्वाशमध्ये रंगद्रव्याचं प्रमाण जास्त आणि बांधणारा डिंक कमी. हा डिंक आपल्या बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडाचा. रंगाचे कण डिंकात पूर्ण बुडालेले नसतात, त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक फटी राहतात. प्रकाश त्या फटींत विखुरतो, म्हणून ग्वाश मखमलीसारखं, तकाकी नसलेलं दिसतं. हेच त्याचं सौंदर्य आणि हाच त्याचा कच्चा दुवा. फटीत काहीही गेलं, पाणी, तेल, वॉर्निश, चिकटवणारं द्रावण, की विखुरणं कमी होतं आणि रंग गडद होतो. पाणी वाळून निघून जातं, बाकीचं राहतं. बाजारात मिळणारा फिक्सेटिव्हचा, म्हणजे सैल रंग धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा, फवारा अशा चित्रावर मारणं म्हणजे सगळ्या चित्राचा रंग एका मिनिटात बदलून टाकणं. पोपडे सुटताहेत म्हणून फवारा मारलेली ग्वाश दुरुस्तीला येतात, तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

डिंक हवेतला ओलावा ओढतो. पापड सादळतो तसाच हा थर सादळतो, मऊ होतो, चिकट होतो. समोर काच टेकलेली असेल तर तिला धरतो आणि हवा कोरडी झाली की तिथेच आखडतो. बुरशीलाही डिंक आणि कागदावरचं सरस आवडतं; सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की तिला बोलवावं लागत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जे कपाटातल्या पुस्तकांचं होतं, तेच.

आधी सुटका. चिकटलेली जागा वाफेने सोडवावी, असं सहज सुचतं, आणि फोटो काचेला चिकटले तर काही वेळा पाण्यात भिजवून सोडवतातही. इथे ओलाव्याने काच सुटली असती, पण डिंक विरघळून रंगही काचेकडे गेला असता. म्हणून दिशा उलटी ठेवली: वाळवणं. काच, कागद तसेच आडवे ठेवून त्यावर पॉलिथिनचा तंबू केला, आत आधी ४० टक्के आर्द्रतेवर आणलेलं सिलिका जेल (ओलावा शोषणारे आणि सोडणारे दाणे) ठेवलं आणि आर्द्रता ५८ वरून ४० पर्यंत सहा दिवसांत उतरवली. सहा दिवस मुद्दाम घेतले. घाईने वाळवलं तर कागद एकदम आकसतो आणि पोपडे उडतात. ४० च्या खाली गेलं नाही, कारण फार कोरडा डिंक काचेसारखा ठिसूळ होतो. यामागचं गणित असं की कागद आकसतो, काच आकसत नाही. त्या ओढाताणीत चिकटलेली जागा कडेकडून हळूहळू आपोआप सुटू लागते. पाचव्या दिवशी काचेखालून पाहिलं तर गडद डागाच्या कडेला फिकट किनार आली होती. तळहाताचा डाग आता चार बोटांएवढा उरला होता.

खालून पाहण्याची सोय साधीच होती: काच दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी, खाली टेबलावर आरसा, बाजूने दिवा. वर काम करणारा हात कागदाच्या पाठीमागून काय करतोय, ते आरशात रंगाच्या बाजूने दिसतं. मग ७५ मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर फिल्मची दोन बोटं रुंद पट्टी घेतली, टोक गोल कापलं, म्हणजे कोपरा रंगात रुतणार नाही. पट्टी कागद आणि काच यांच्या मध्ये, काचेला घासत सरकवायची, कागद कधीच वर ओढायचा नाही. दोन मिलिमीटर आत, थांबा, आरशात बघा, पुन्हा दोन मिलिमीटर. चार बोटांच्या जागेला दोन तास लागले. कागद सुटला तेव्हा काचेवर तीन पोपडे राहिले होते, सर्वांत मोठा ९ × ४ मिलिमीटरचा, लाल.

आता पोपडे काचेवर असताना काच धुवायची घाई करणारेही असतात. त्या काचेवर मार्करने बाहेरून प्रत्येक पोपड्याभोवती गोल काढला, क्रमांक दिला आणि काच कागदासोबतच ठेवली. पोपडे उचलले ते कोरडेच, शस्त्रक्रियेच्या पात्याने, काचेशी जवळजवळ समांतर धार धरून, आणि लगेच छोट्या झाकणाच्या डबीत. एक पोपडा उचलताना तुटून चार तुकडे झाले. तो तिसरा.

बुरशीला कागद सुटल्यावर हात घातला. ठिपके पसरवले तर वंगणासारखे लिबलिबतात की कोरड्या भुकटीसारखे उडतात, हे आधी पाहायचं. पहिलं असेल तर ती जिवंत आहे. इथे वाळवण्याने ती सुप्त झाली होती. बारीक जाळी लावलेल्या, अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीच्या व्हॅक्यूमने, सर्वांत कमी ओढीवर, कोऱ्या कडेवरची भुकटी काढली. रंगावर ब्रशही लावला नाही. स्पिरिट पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण कडेवरून ते केशाकर्षणाने रंगात शिरलं तर राखी ठिपक्यांऐवजी रंगाची किनार मिळेल. ठिपक्यांची पुसट सावली राहिली, ती तशीच सोडली. काम करताना मास्क आणि हातमोजे हे सांगायची गरज नसावी, तरी सांगितलेलं बरं.

टेपचं काम पाठीमागून. कागदी पट्टी कोमट सळईने मऊ करून सोलली, उरलेला चिकट गोंद कच्च्या रबराच्या ठोकळ्याने गोळ्या करून उचलला. कागदात उतरलेला पिवळा डाग द्रावणाने खेचून काढता येतो, पण त्याच वेळी तो पुढच्या बाजूला येण्याचाही धोका असतो. डाग कोऱ्या कडेच्या मागे आहे, पुढून दिसत नाही. सोडला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सुटू पाहणाऱ्या रंगाच्या कडा बसवण्यात. काच निघाल्यावर बाजूने तिरपा प्रकाश टाकला, तेव्हा लाल आणि निळ्याच्या जाड कडांवर पंचवीस-तीस जागी रंग उचललेला दिसला. बसवायला निवडला फुनोरी, जपानमध्ये समुद्री शेवाळापासून काढतात तो डिंक. तो वाळल्यावर तकाकी देत नाही, म्हणून मॅट रंगाला चालतो. तरी आधी चाचणी: खालच्या कडेजवळ, नजर न जाणाऱ्या जागी, काळ्यावर आणि निळ्यावर. एक टक्क्याच्या द्रावणाने काळ्यावर काही झालं नाही. निळ्यावर मात्र वाळल्यावर गडद कडं उमटलं, पावसाचा थेंब पडून वाळलेल्या चुनकळीच्या भिंतीवर उमटतं तसं. अर्धा टक्का केला आणि त्याच्या आधी त्या जागी इथेनॉलचा बारीक थेंब सोडला. इथेनॉल डिंकाला विरघळवत नाही, पण फटीत पटकन शिरतं आणि मागून येणाऱ्या फुनोरीला वाट करून देतं. तो पृष्ठभागावर साचून कडं करत नाही. कडं आलं नाही. हीच पद्धत, तीन शून्य क्रमांकाच्या ब्रशने, सूक्ष्मदर्शकाखाली, एका वेळी एकच जागा. उचललेला पोपडा फुनोरी लागल्यावर क्षणभर मऊ होतो. त्याच क्षणी सिलिकॉनच्या टोकाने त्याला खाली टेकवायचं. आधी टेकवलं तर मोडतो, उशिरा टेकवलं तर उभाच वाळतो.

काचेवरून काढलेले पहिले दोन पोपडे कुठले, हे ब्रशच्या केसांच्या रेघांनी सांगितलं. लाल पोपड्यावर चार समांतर रेघा होत्या, त्यातली दुसरी जाड; लाल पट्ट्यातल्या खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना त्याच चार रेघा त्याच अंतराने थांबलेल्या. पोपडा फिरवून चारही रेघा जुळल्या तेव्हाच तो बसवला, दोन टक्के स्टर्जन माशाच्या सरसाचा सुईच्या टोकाएवढा थेंब देऊन. इथे सरस फुनोरीपेक्षा बरा, कारण सुटा तुकडा धरायला जास्त पकड लागते आणि तकाकी पोपड्याखाली झाकली जाते.

पोपडे बसल्यावरही दोन ठळक जागा उघड्या राहिल्या. लाल पट्ट्यातली एक जागा खालच्या काळ्या थरापर्यंत गेलेली. काळ्यावर लाल पट्टा असाच आहे, नजर तिथे अडत नाही. काहीच केलं नाही. दुसरी, काळ्या सपाट भागात, थेट पांढऱ्या कागदापर्यंत, ४ × २ मिलिमीटर. सहा फुटांवरून तो पांढरा ठिपकाच आधी दिसत होता, आणि लेविट यांच्या रचनेत तो नव्हता. इथे तडजोड केली, पण रंग लावला नाही. जपानी कागदाचे तंतू वेगळे काळे रंगवून, वाळवून, चिमट्याने विंचरून खड्ड्याच्या आकाराचा कापूस केला आणि मिथाइल सेल्युलोज या खळीच्या कणाएवढ्या थेंबावर बसवला. तो आजूबाजूच्या रंगाला चिकटत नाही. उद्या नको वाटला तर पात्याच्या टोकाने कोरडाच उचलता येईल. जलरंगाने ठिपका दिला असता तर काढताना पाणी लागलं असतं आणि पाण्याने शेजारचा मूळ रंग उठला असता. जे काढता येत नाही ते लावायचं नाही, हा नियम ग्वाशवर फार कठोरपणे लागू होतो.

काचेला जिथे कागद चिकटला होता, तिथे सुमारे ७ × ४ सेंटिमीटरची जागा अजूनही चमकते. मऊ झालेल्या डिंकाने काचेचा गुळगुळीतपणा घेतला आणि तसाच वाळला. ती चमक घालवायला काही जण बारीक भुकटीने घासतात. हा प्रकार निव्वळ आत्मघातकी: चमक जाते, तिच्याबरोबर ब्रशच्या रेघाही. मालकांना समोरून प्रकाश टाळायला सांगितलं. बाजूने आणि वरून प्रकाश आला की ती जागा जवळजवळ दिसत नाही.

कागदाचा फुगवटा सपाट करायचा मोह झाला होता. जाड कागदाला पाठीमागून नियंत्रित ओलावा देऊन टिपकागदात दाबता येतं, पण दाबणं म्हणजे रंगाचा पृष्ठभाग घोटणं. फक्त दोन वाकलेले कोपरे, जिथे रंग नाही, ते गोरटेक्सच्या (वाफ जाऊ देणाऱ्या, पण पाणी अडवणाऱ्या कापडाच्या) थराखाली पंधरा मिनिटं सादळवून टिपकागदात हलक्या वजनाखाली दिवसभर ठेवले. मधला फुगवटा कमी न करता त्याला जागा देणारी फ्रेम करायचं ठरलं.

नवी फ्रेम आतून २६ × ३४ इंच, म्हणजे कागदाभोवती दोन-दोन इंच. कागद माउंटच्या खिडकीत न दाबता आम्लरहित बोर्डावर तरंगता ठेवला, कारण हाताने फाडल्यासारख्या दिसणाऱ्या त्याच्या कडा हा चित्राचाच भाग आहेत. वरच्या कडेला जपानी कागदाच्या पाच बिजागऱ्या, प्रत्येक अडीच सेंटिमीटर रुंद, गव्हाच्या सत्त्वाच्या घट्ट खळीने. खालच्या दोन कोपऱ्यांना दोन ढिल्या. कागदाचं वजन १३० ग्रॅमच्या आसपास, त्याला एवढं पुरतं. खळ पातळ असली तर पाणी पुढे येऊन कडेवर डाग देतं, म्हणून ती आधी टिपकागदावर जवळजवळ कोरडी करून मगच टेकवली, आणि फक्त ५ मिलिमीटर रुंदीत. बिजागरीचा कागद चित्राच्या कागदापेक्षा अशक्त हवा. फ्रेम पडली तर फाटायची ती बिजागरी.

काच आणि कागद यांच्यात १२ मिलिमीटरचं अंतर, फ्रेमच्या आतल्या बाजूने लावलेल्या आम्लरहित पट्ट्यांनी. फुगवटा ६ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या दुप्पट. काच की अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, यावर मात्र चर्चा झाली. २६ × ३४ इंचाची ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक दोन किलो भरते, तेवढ्याच आकाराची ४.४ मिलिमीटर लॅमिनेटेड काच सहा किलोंच्या वर. भिंतीला आणि वाहतुकीला अ‍ॅक्रिलिकच सोपी. पण साध्या अ‍ॅक्रिलिकवर कापड फिरवलं की तिच्यात स्थिर विद्युत येते, आणि भुकटीसारखा सैल रंग तिच्याकडे ओढला जातो. सैल रंगाच्या चित्रांवर, पेस्टल असो, कोळसा असो, की असं ग्वाश, ती वापरू नये. वापरायचीच तर स्थिर विद्युत न धरणारा लेप असलेली, जी बरीच महाग पडते. इथे अतिनील किरण अडवणारी लॅमिनेटेड काच घेतली आणि भिंतीत दोन मोठे स्क्रू मारले.

पाठीला अ‍ॅल्युमिनियम-पॉलिथिनच्या थराचं अस्तर, कडा टेपने बंद, आत ५० टक्क्यांवर आणलेल्या सिलिका जेलचा पातळ पत्रा. त्याने आर्द्रतेचे चढ-उतार पूर्ण थांबत नाहीत, फक्त संथ होतात. चार दिवस यंत्र बंद पडलं तर निभावतं, चार महिने नाही. चित्र आता घराच्या आतल्या भिंतीवर आहे. बाहेरची भिंत थंड राहते आणि फ्रेमच्या मागे दव धरतं.

प्रकाशाचा हिशेब मालकांना लिहून दिला. ग्वाशमधले काही गुलाबी, जांभळे, चमकदार लाल रंग प्रकाशाला फार कच्चे असतात, आणि या कागदावरचा लाल नेमका कुठला, ते नमुना न काढता सांगता येत नाही. जुन्या फ्रेमच्या खाचेखाली झाकलेली कड कोरीच होती, त्यामुळे मूळ लालाशी ताडून पाहायलाही जागा नाही. अशा वेळी तो सर्वांत नाजूक वर्गातला धरायचा: वर्षाला १५,००० लक्स-तास (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप). ५० लक्सच्या मंद प्रकाशात, दिवसाला आठ तास, ही शिदोरी ३७ दिवसांत संपते. खिडकीजवळ ५०० लक्स असतील तर चार दिवसांत. म्हणून फ्रेमवर कापडाचा पडदा, आणि पाहुणे आल्यावर तो बाजूला करायचा. मालकांना हे पसंत पडलं नाही. शेवटी त्यांनी दिव्याला हालचाल टिपणारं बटण लावलं. खोलीत कुणी नसलं की दिवा बंद. पडद्यापेक्षा ही तोड चांगली निघाली, कारण पडद्याचं कापड काचेवर रोज घासत राहिलं असतं.

तिसऱ्या पोपड्याचे चार तुकडे कुठेच जुळले नाहीत. रेघा नाहीत, नुसता सपाट काळा, आणि काळ्या भागात खड्डे एकाहून जास्त. कापसाने भरलेल्या जागेत त्यातला मोठा तुकडा बसवता आला असता, दिसायला ठीकही दिसला असता; पण तो तिथलाच आहे याचा पुरावा नव्हता. तुकडे ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, छोट्या पाकिटात घातले, पाकिटावर तारीख आणि काचेवरचा क्रमांक ३ लिहिला, आणि पाकीट फ्रेमच्या आत, बोर्डाच्या मागच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात टाचलं.